जखऱ्याची पाटी: बोलता न येणाऱ्या मुलासाठी साधन निवडताना





गेल्या अंकात काशीमिऱ्याजवळच्या एका पाड्यावरील स्वमग्न मुलाविषयी चार ओळी आल्या होत्या. त्या वाचून एका मंडळीच्या महिला मंडळातून फोन आला. "ताई, आम्ही थोडी रक्कम जमवली आहे. त्या लेकराला बोलता येत नाही ना? मग त्याला तो बोलणारा टॅब घेऊन देऊ का?" प्रश्न प्रेमाचा होता, तरी मी लगेच 'हो' म्हणाले नाही. फोनवरच्या बहिणीला ते जरा लागले असावे. असे प्रश्न आता वरचेवर येतात, म्हणून हा लेख त्यांच्यासाठी आणि आपणा सर्वांसाठी लिहीत आहे.

माझ्या न बोलण्याचे कारण साधे आहे. असा एक टॅब आम्ही त्याच मुलासाठी आधी घेऊन चुकलो आहोत.

आमची चूक

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलगा तेव्हा सात वर्षांचा, वारली कुटुंबातला. आई मीरा रोडच्या इमारतींत घरकाम करते, बाप मिळेल तिथे बिगारी करतो. दिवसभर मुलाजवळ आजी आणि थोरली बहीण. (नावे मुद्दाम देत नाही.) देणगीदारांच्या मदतीने आम्ही टॅब घेतला, त्यात चित्रे दाबली की बोलणारे ॲप घातले, प्रार्थना केली आणि तो कुटुंबाच्या हाती दिला.

शाळेत तो फुटेल म्हणून कपाटात ठेवला गेला. घरी मोठी मुले त्यावर गाणी बघू लागली, आणि हाही गाण्यांसाठीच त्याला हात लावू लागला. पावसाळ्यात वीज गेली की टॅब बंद. आजीला तो हाताळायची भीती वाटे. चार महिन्यांत काच तडकली आणि विषय संपला. यात आजीची चूक नाही, शाळेचीही नाही. आम्ही दुकानात टॅबची किंमत विचारली, पण त्या मुलाचा दिवस कसा जातो हे विचारलेच नाही.

न बोलणे म्हणजे न समजणे नव्हे

ऑटिझमला मराठीत 'स्वमग्नता' म्हणतात. १९४३ साली लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने अमेरिकेत तिचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. मेंदूची वाढच निराळ्या रीतीने होते. त्यामुळे इतरांशी संवाद साधणे, बदल सहन करणे, आवाज, उजेड व स्पर्श झेलणे या गोष्टी निराळ्या किंवा अवघड होतात. 'स्वमग्न' या शब्दाने मूल स्वतःतच रमलेले आहे, त्याला कोणी नको आहे, असे वाटते. प्रत्यक्षात पुष्कळ मुलांना माणसे हवी असतात. त्यांच्यापर्यंत पोहोचायची वाट मात्र सापडत नाही.

हा आईबापांच्या वागण्याचा दोष नाही आणि भूतबाधाही नाही. पाड्यावर अशा मुलाला भगताकडे नेतात यावर आपण सहज बोट ठेवतो. पण आपल्याही मंडळ्यांत अशा आईला "कुठले तरी पाप कबूल कर" असे सांगितलेले मी ऐकले आहे. आंधळ्या जन्मलेल्या माणसाबद्दल शिष्यांनीही येशूला हाच प्रश्न विचारला होता, की पाप कोणाचे, याचे की आईबापांचे. प्रभूने दोन्ही नाकारले. ते उत्तर आपल्याला पुरे आहे.

काही स्वमग्न मुले भरपूर बोलतात, काही थोडे बोलतात, काही मुळीच नाही. ज्यांना बोलता येत नाही त्यांनाही पुष्कळदा आपल्याला वाटते त्यापेक्षा अधिक समजते. सांगता न आल्यामुळे ती ओढतात, ओरडतात, पळतात, स्वतःला मारून घेतात. आपण त्याला हट्ट म्हणतो. बहुतेक वेळा ते सांगणेच असते.

"चित्रे दाखवायची सवय लागली तर तो बोलणारच नाही" ही भीती जवळजवळ प्रत्येक घरी असते. अमेरिकेतील मिलर, लाइट आणि श्लोसर या अभ्यासकांनी २००६ साली अशा साधनांवरील संशोधनाचा आढावा प्रसिद्ध केला. पुरावा पक्का होता अशा २७ व्यक्तींपैकी एकाचेही बोलणे कमी झाले नव्हते. बहुतेकांचे थोडेफार वाढले होते. तेव्हा "आधी बोलू तर दे, नाहीतर मग साधन" म्हणून वर्षे घालवू नयेत. वाट पाहण्यात मुलाचे बालपण निघून जाते.

साधने कोणती असतात

साधन म्हणजे टॅबच असे नाही. साधेपणापासून सुरुवात केली तर क्रम साधारण असा आहे.

पहिले, खुणा व हातवारे. यांना पैसा लागत नाही. मात्र समोरच्याला त्या खुणा ठाऊक असाव्या लागतात.

दुसरे, प्रत्यक्ष वस्तू. चप्पल दाखवली की बाहेर जायचे, पेला दिला की पाणी हवे. ज्याला चित्राचा अर्थ अजून लागत नाही त्याच्यासाठी हीच सुरुवात.

तिसरे, फोटो किंवा चित्रांची कार्डे, तक्ता, वही. याच जातीची एक पद्धत अँडी बाँडी व लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये अमेरिकेत सुरू केली. तिला थोडक्यात 'पेक्स' म्हणतात. मूल हव्या त्या वस्तूचे चित्र उचलून माणसाच्या हातात देते आणि ती वस्तू मिळवते. नुसते बोट दाखवण्यापेक्षा यात फरक असा की मुलाला माणसाकडे जावेच लागते. शिकवताना सुरुवातीला दोन मोठी माणसे लागतात. एक समोर, आणि एक मुलाच्या मागे बसून हाताला वळण देणारे.

चौथे, बटण दाबले की आपण आधी भरून ठेवलेले वाक्य बोलणारी छोटी यंत्रे.

पाचवे, फोन किंवा टॅबवरील ॲप. यातले एक आपल्या अगदी शेजारचे आहे. राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराच्या या अंगाला काशीमिरा, त्या अंगाला पवई. तेथील आयआयटी मुंबईत 'जेलो' नावाचे ॲप तयार झाले. ते मोफत आहे आणि मराठीतही चालते. त्यात चित्रांच्या बाजूला आवडते, आवडत नाही, हो, नाही, अजून, कमी अशी सहा बटणे असतात. आधी चित्र आणि मग बटण दाबले की ॲप वाक्य बोलते. दुसरे 'आवाज'. चेन्नईच्या अजित नारायणन यांनी सुरू केलेल्या कंपनीचे हे ॲप भारतीय भाषांतही मिळते, मात्र ते विकत घ्यावे लागते.

यातला कोणताही प्रकार वरचा किंवा खालचा नाही. अनेक मुले एकाच वेळी दोन-तीन वापरतात. आपणही बोलतो, मान डोलावतो आणि चिठ्ठीही लिहितो, तसेच.

आणि हे फक्त लहानपणापुरते आहे असेही समजू नये. मुंबईत १९७२ साली मिठू अलूर यांनी मेंदूच्या पक्षाघात असलेल्या मुलांसाठी काम सुरू केले, ते आपली मुलगी मालिनी चिब हिच्यामुळे. मालिनीताईंना स्पष्ट बोलता येत नाही. एका बोटाने टाइप करून त्यांनी आपले आत्मचरित्र लिहिले, ते २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांची अडचण स्वमग्नतेची नव्हे, पण योग्य साधन हाती आले तर माणूस कोठवर जाऊ शकतो हे त्यातून दिसते.

निवडण्यापूर्वी पाच प्रश्न

पहिला: आज तो कसा सांगतो? निदान एक आठवडा वही घेऊन बसावे. कशासाठी हात ओढतो, कधी ओरडतो, नको असले की काय करतो? आमच्या मुलाने आठवडाभरात पाण्यासाठी अकरा वेळा पिंपावर हात आपटला होता. तो सांगतच होता. आम्हाला ती भाषा नव्याने शिकावी लागली.

दुसरा: कान, डोळे आणि हात कसे आहेत? कानांची तपासणी आधी. ऐकू कमी येत असेल तर सारा विचार बदलतो. चित्र आणि वस्तू यांचा मेळ त्याला घालता येतो का, रेघांचे चित्र कळते की फोटोच लागतो, बोटाने नेमके दाबता येते का, हेही बघावे.

तिसरा: साधन कोठे कोठे जाणार? शाळा, अंगण, नळाची रांग, रिक्षा, रविवारची उपासना, मुसळधार पाऊस. जे पाण्यात भिजते, ज्याला चार्जिंग लागते, जे चोरीला जाईल म्हणून कपाटात राहते, ते निदान एकटे पुरणार नाही. ॲप घेतले तरी कागदाचा एक तक्ता जोडीला हवाच.

चौथा: त्याच्याजवळ दिवसभर कोण असते? आमच्या मुलाजवळ आजी. तिला अक्षर वाचता येत नाही, पण फोटो ओळखता येतात. फोटोखाली देवनागरीत शब्द लिहिला की बाईंनाही शाळेत उपयोग होतो. जी व्यक्ती साधन वापरणार नाही तिच्याशी मूल त्या साधनाने बोलू शकणार नाही.

पाचवा: भाषा कोणती? आपल्या पाड्यांवर हा प्रश्न सर्वांत मोठा आहे. घरात वारली किंवा कातकरी बोली, शाळेत पुस्तकी मराठी, रस्त्यावर हिंदी. ॲपमधला आवाज 'मला शौचालयात जायचे आहे' म्हणतो, आणि घरात तसे कोणी म्हणत नाही. चित्रात नळाचे बेसिन असते, घरी निळे पिंप. अशा मुलांशी एकच भाषा बोला, बाकीच्या सोडा, असा सल्ला अजून दिला जातो. दोन भाषांनी स्वमग्न मुलाचे नुकसान होते असे संशोधनात दिसलेले नाही. नुकसान होते ते आजीने त्याच्याशी बोलणेच सोडले तर. म्हणून पहिले शब्द घरच्या बोलीतले असावेत. ॲपमध्ये आपला फोटो व आपला आवाज भरता येतो का, हे आधी पाहावे.

शब्द कोणते द्यावेत

बहुतेक तक्त्यांवर खाण्याच्या वस्तू भरलेल्या असतात: केळे, बिस्किट, चॉकलेट. माणूस काय फक्त मागण्यासाठी बोलतो? पहिल्या दहा शब्दांतच 'नको', 'थांब', 'अजून', 'संपलं', 'मदत कर', 'दुखतंय' हे शब्द असावेत. घरातल्या माणसांचे फोटोही असावेत.

'नको' आणि 'दुखतंय' यांच्यावर मी फार जोर देते, त्याला कारण आहे. ज्या मुलाला सांगता येत नाही त्याला मारणे, छळणे, त्याचा गैरफायदा घेणे सोपे असते. वाईट माणसांना हे ठाऊक असते. 'नको' म्हणण्याचे साधन देणे हा त्याच्या रक्षणाचा भाग आहे. पुढे शरीराच्या अवयवांची चित्रेही वहीत यायलाच हवीत. लाजून ती वगळू नयेत.

टॅबच्या फजितीनंतर आम्ही आठ फोटोंपासून पुन्हा सुरुवात केली. पिंप, भात, आजी, दार, आणि चार फोटो बहिणीचे: तळहात पुढे केलेली ती म्हणजे 'नको', गालाला हात लावून कळवळणारी म्हणजे 'दुखतंय', रिकामी थाळी दाखवणारी म्हणजे 'संपलं', हात पसरून मागणारी म्हणजे 'अजून'. फोटो लॅमिनेट केले, चिकटपट्टीने एका पुठ्ठ्यावर लावले आणि दोरीने दाराशी टांगले.

सहा आठवडे त्याने तिकडे ढुंकूनही पाहिले नाही. नंतर एक दिवस मी त्याच्या शेजारी बसून मोठ्या उत्साहाने कृतिगीत म्हणत होते. तो उठला, पुठ्ठ्यावरून 'नको' काढले आणि माझ्या हातात दिले. मी गाणे थांबवले. आजी इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आले. आपणहून उच्चारलेला त्याचा पहिला शब्द हा असा माझ्याविरुद्ध गेला, आणि मी घरी येईपर्यंत देवाचे उपकार मानत होते.

'दुखतंय' यायला आणखी चार महिने लागले. शाळेत तो डोके आपटतो म्हणून त्याला घरी पाठवत असत. एका संध्याकाळी त्याने ते कार्ड आजीला दिले आणि तिचा हात आपल्या गालावर नेला. दाढ किडली होती. दाढ काढल्यावर डोके आपटणे पुष्कळ कमी झाले. सारे दाढेमुळेच होते असे मी म्हणणार नाही. गोंगाट वाढला की अजूनही तो आपटतो. पण किती दिवस तो दुखणे सोसत होता कोण जाणे, आणि आम्ही त्याला हट्टी म्हणत होतो.

साधन दिल्यावर आपण काय करावे

मोठ्या माणसांनी स्वतः ते वापरावे. आजी "भात हवा?" म्हणताना भाताच्या फोटोला बोट लावते. बाळ बोलायच्या आधी आपण वर्षभर त्याच्याशी बोलत असतो. तसेच हे आहे.

विचारले की थांबावे. मनात दहा अंक मोजावेत. आपण दोन सेकंदांत दुसरा प्रश्न टाकतो आणि त्याची वेळ हिरावून घेतो.

साधन कधीही शिक्षा म्हणून काढून घेऊ नये. कोणाचे तोंड बांधण्यासारखेच ते आहे. 'नको' म्हटले तर शक्य तेथे ऐकावे. ऐकायचे नसेल तर, उदाहरणार्थ औषध द्यायचे असेल तर, "तुला नको आहे, मला कळले" एवढे तरी म्हणावे.

आणि एक सावधगिरी. मुलाचा हात किंवा कोपर धरून त्याच्याकडून टाइप करवून घेणारे, मग सुंदर सुंदर वाक्ये दाखवणारे लोक आहेत. अमेरिकेतील वाचा व श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये ही रीत वापरू नये असे जाहीर केले, कारण ते शब्द मुलाचे नसून हात धरणाऱ्याचे असतात असे तपासण्यांत आढळले आहे. शिकवताना हाताला आधार देऊन तो पुढे काढून घेणे निराळे. शब्द त्याचाच असला पाहिजे, मग तो एकच का असेना.

हक्क आणि मदत

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगता आहे आणि स्वमग्नता त्यात आहे. 'संवाद' या शब्दाच्या कायद्यातील व्याख्येत बोलण्याला पूरक व पर्यायी साधनांचाही समावेश आहे. कलम १७ प्रमाणे अशा साधनांच्या वापराला चालना देणे, आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगतेचे प्रमाणपत्र असलेल्या विद्यार्थ्यांना १८ वर्षांपर्यंत पुस्तके व योग्य साधने मोफत पुरवणे, ही शासनाची व स्थानिक प्राधिकरणांची जबाबदारी आहे. म्हणून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढणे हे पहिले काम. कागदपत्रे नसलेल्या पाड्यावरच्या कुटुंबासाठी तेच सर्वांत अवघड असते. तिथे आपण सोबत जाऊ शकतो.

साधनाची निवड वाचा-उपचार तज्ज्ञाच्या सल्ल्याने व्हावी. वांद्रे रेक्लमेशन येथे अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. भाईंदर किंवा मीरा रोडहून लोकलने तिथे जाता येते. मुंबईतील 'उम्मीद' ही बालविकास संस्थाही २००१ पासून अशा मुलांसाठी काम करते. शाळेत समग्र शिक्षा अभियानाच्या विशेष शिक्षकांची भेट मागावी.

मग टॅब घ्यावा की नाही?

लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात जखऱ्या याजक मुका होतो. बाळाची सुंता करायला शेजारी व नातलग जमतात आणि नाव आपणच ठरवून टाकतात. अलीशिबा 'नाही' म्हणते, तेव्हा ते बापाला खुणेने विचारतात. तो पाटी मागवतो आणि तिच्यावर योहान हे नाव लिहितो. काही इंग्रजी भाषांतरांत त्या पाटीला 'टॅब्लेट'च म्हटले आहे. पण त्या पाटीची किंमत काय होती हे लूक सांगत नाही. त्याने लिहिले आणि घरातल्या सर्वांनी ते मानले. ती पाटी कामी आली ती त्यामुळे.

त्या महिला मंडळाला मी पुढे असे कळवले. मुलगा आता दहा वर्षांचा आहे. वहीत तीस फोटो झाले आहेत. संध्याकाळी बहीण आईच्या फोनवर त्याच्याबरोबर जेलो वापरून पाहते. तज्ज्ञांनी होकार दिला, शाळेने तो वर्गात त्याच्याजवळ ठेवण्याचे कबूल केले आणि आजीला जमू लागले, तर पुढल्या वर्षी मजबूत कव्हरचा टॅब जरूर घेऊ. सध्या हवे आहे ते असे: फोटोंचे दोन संच, एक घरी आणि एक शाळेत. वांद्र्याला जाण्यासाठी लोकलचे भाडे. आणि त्या दिवशी आईचा जो खाडा पडतो, त्याची मजुरी. महिला मंडळाने ते सर्व मान्य केले. एका बहिणीने तर लॅमिनेशनचे काम स्वतःच्या दुकानातून करून दिले.

असे मूल तुमच्या मंडळीत आले तर त्याच्या आईशीच बोलून पुढे जाऊ नका. खाली बसा, त्याच्या पुठ्ठ्याकडे बघा, "सलाम" म्हणा आणि थांबा. त्याने तुमच्या हातात 'नको' दिले तर हसून बाजूला व्हा. तेही त्याचे बोलणेच आहे.

प्रार्थनेसाठी: या मुलासाठी व त्याच्या आजीच्या प्रकृतीसाठी, ज्यांना अजून एकही शब्द मिळालेला नाही अशा पाड्यांवरील मुलांसाठी, आणि आम्हा कार्यकर्त्यांना थांबून ऐकण्याची कृपा मिळावी म्हणून.